वारा आत घेणारं घर

हवेतलं मला कळतं! वाहिगुया गावच्या बाजारात मी तेहेतीस वर्षं सायकलींच्या ट्यूबमध्ये हवा भरली आहे. हवा कुठून शिरते, कुठून पळते आणि कुठं अडकून बसते, हे मी नुसता कान लावून सांगतो. त्यामुळे नवं घर बांधायचं ठरवलं तेव्हा मी कुणाचा सल्ला घेतला नाही. गरजच काय?

जुनं घर पत्र्याचं. एप्रिलात त्यात बसणं म्हणजे झाकण लावलेल्या पातेल्यात बसणं! सिबदू, माझी बायको, होती तेव्हा आमची लेक मिनाता दर सुट्टीत बोबो शहराहून पोरांना घेऊन यायची. सिबदू दारात ओल्या चादरी टांगायची, नातवंडांना तासन्‌तास वारा घालायची. सिबदू गेली. मग मिनाता फोनवर म्हणाली, "बाबा, पोरांना तिथं घामोळं येतं हो. थंडीत बघू." थंडी आली आणि गेली.

मग मी ठरवलं, असं घर बांधायचं की पोरांना एप्रिलात हुडहुडी भरली पाहिजे! तेही विजेशिवाय, पंख्याशिवाय. वारुळात वाळवीला जमतं, मला जमणार नाही? हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. मातीच्या विटांचंच कमानीचं छत, त्याच्या वर दोन हातांवर पत्रा, मधून वारा मोकळा. अंगणातला कडुनिंब तोडायचा नाही, घरच त्याच्या सावलीत सरकवायचं. झाडाखालची गार हवा भाजक्या मातीच्या नळ्यांतून जमिनीलगत आत येणार, गरम हवा वरच्या धुराड्यातून बाहेर जाणार. आहे की नाही डोकं?

गवंडी होता टोए. तो सामो जमातीचा, मी मोस्सी. आमच्याकडं सामोनं मोस्सीला आणि मोस्सीनं सामोला शिव्या द्यायच्याच असतात, आणि कुणी रागवायचं नसतं. उलट सरळ बोललं तर माणूस आजारी आहे की काय, असं वाटतं. सिबदूला मूठमाती द्यायच्या दिवशी हाच टोए खड्ड्यात जाऊन आडवा पडला होता. "ती मेलेली नाही! या मोस्सीच्या घोरण्याला कंटाळून पळाली आहे! दोन कोंबड्या द्या, मी परत आणतो!" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. त्यानंतर बरेच दिवस हसल्याचं मला आठवत नाही.

तर नळ्या बसवताना टोए म्हणाला, "ए मोस्सी, कुत्र्याच्या डोक्या, इथं नळ्या नकोत. बाहेर लोकांचा चहाचा बाक आहे. आतला आवाज सगळा बाहेर जाईल."

"तुझ्या आजोबांनी घर पाहिलं होतं का रे? झाडाच्या ढोलीत राहायचे ते!"

"अरे, मी खरं सांगतोय."

"सामो, आणि खरं? लाव नळी!"

त्यानं तीनदा सांगितलं. तीनदा मी त्याच्या घराण्याचा उद्धार केला. शेवटी त्यानं कपाळाला हात लावला, म्हणजे चिखलच लावला, आणि नळ्या बसवल्या.

घर झालं ते मात्र असं, की बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत माठ! मी मिनाताला फोन केला. ती म्हणाली, "छान झालं बाबा. बघू." मी पोरांसाठी कोपऱ्यात चटई घालून ठेवली आणि एकटाच आत बसलो. गार घरात एकटं बसलं की गरम घरातल्यापेक्षा जास्त एकटं वाटतं, हे मला टोएनंही सांगितलं नव्हतं.

मग मी बोलायला लागलो. सिबदूशीच, दुसरं कोण आहे? दुपारी जेवण झालं की आडवं व्हायचं आणि दिवसभराचं सांगायचं. चाळीस वर्षांची सवय, मोडणार कशी?

पहिला दणका कादिसानं दिला. ही शेजारीण मला रोज दुपारी बाजरीचा गोळा आणि भेंडीचा रस्सा पाठवायची. एके दिवशी स्वतःच आली, हात हलवत.

"माझा रस्सा खारट असतो काय? शेळीला घालतोस काय?"

मी गार! हे तिला सांगितलं कुणी? शेळीनं?

दुसऱ्या दिवशी चौघंजण लग्नकार्यात वाटतात त्या कोलाच्या बिया घेऊन आले. मागून इमामसाहेब. मला वाटलं, घर बघायला आलेत.

"बरं झालं हो हामाडेभाऊ! एकट्यानं किती दिवस काढायचे?" चौघांतला एक म्हणाला.

"सुखात आहे अगदी! कालची दुपार तर बाहेरच आलो नाही!" मी छाती फुगवून म्हणालो.

चौघांनी माना खाली घातल्या. इमामसाहेब खोकले. "हामाडे, आनंद आहे. पण अशा गोष्टी चारचौघांत कराव्यात. लपवून नाही."

"लपवतोय कुठं? सगळ्यांसाठी दार उघडं आहे!"

ते जे उठले, ते बिया ठेवून पळालेच!

तिसऱ्या दिवशी मिनाता हजर! दोन पोरं, तीन पिशव्या आणि डोळ्यांत अंगार.

"कुठं आहे ती?"

"कोण गं?"

"बाबा, आईला जाऊन जेमतेम वर्ष झालं! सगळ्या गल्लीचे फोन आले मला!" तिनं खाटेखाली पाहिलं. रांजणामागं पाहिलं. धुराड्यातसुद्धा मान घातली!

तेवढ्यात टोए आला. "पोरी, बाहेर बाकावर बस जरा." तिला बसवून तो आत आला आणि साध्या आवाजात म्हणाला, "हा मोस्सी गाढव आहे." बाहेर पोरं खिदळली. मिनाता तिथूनच ओरडली, "नीट ऐकू आलं!"

माझे कान तापले. दोन महिने! दोन महिने माझी दुपार सगळ्या गल्लीनं चहाबरोबर घेतली होती!

"मी सांगितलं होतं," टोए म्हणाला. या वेळी मात्र पुढं शिवी जोडली नाही.

मिनाता दारात आली. "मग बोलत कुणाशी होता?"

मी खाटेवरच्या सिबदूच्या जागेकडं पाहिलं. बाहेर बाकावर बसलेली कादिसाच पुढं झाली. "रोज म्हणायचे, 'अगं, जरा सरक. मिनाता आली की पोरं त्या कोपऱ्यात झोपतील.' मला काय ठाऊक, सिबदूला सांगताहेत?"

मिनातानं कोपऱ्याकडं पाहिलं. चटईवर धूळ बसली होती.  तिनं केरसुणी घेतली आणि सगळं घर झाडून काढलं.

नऊ दिवस राहिली. धाकटा दुपारी चादर ओढून घ्यायचा. निघताना ती म्हणाली, "बाबा, त्या नळ्यांची तोंडं वळवून घ्या हं. लोक ऐकतात."

"घेतो."

"पुढच्या वर्षी बघू."

दुसऱ्या दिवशी टोए ओला चिखल घेऊन आला. मी त्याला शिव्या देऊन परत पाठवलं. नळ्या आहेत तिथंच बऱ्या आहेत.

बोबोची बस सकाळी निघते आणि संध्याकाळी इथं पोचते. पुढच्या मार्चात दुपारी जरा गोड आवाजात, मोठ्यानं, दोन-चार वाक्यं बोलावीत म्हणतो. सिबदू रागावणार नाही, तिलाही पोरं हवीच असतात. फक्त बोलण्याआधी कादिसा बाकावर आहे ना, तेवढं खिडकीतून बघून घ्यायला हवं!