दादांचं वैचारिक बिऱ्हाड

माणसाने कुठे राहावे, हा मानवजातीपुढचा फार जुना प्रश्न आहे. पूर्वी लोक पाणी पाहून राहत. पुढे नोकरी पाहून राहू लागले. मध्यंतरी शाळा जवळ आहे का, दवाखाना आहे का आणि तळमजला मिळतो का, हे बघण्याची पद्धत होती. आता मानवजात बरीच पुढे गेली आहे. आता शेजाऱ्याचे मत पाहून राहतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. घरसामान हलवण्याचा माझा धंदा आहे. दोन ट्रक, एक टेम्पो आणि सहा हमाल (त्यांतले चार कामाला येतात). पूर्वी गिऱ्हाईक फोनवर म्हणायचे, 'बदली झाली.' हल्ली आधी एक सुस्कारा ऐकू येतो आणि मग वाक्य येते, 'या राज्यात आता राहण्यात अर्थ नाही.' असा सुस्कारा आला की मी कागदाच्या खोक्यांची ऑर्डर वाढवतो.

आमच्या पाहणीनुसार राज्य सोडणाऱ्यांपैकी शेकडा एकाहत्तर लोक राजकीय कारणाने सोडतात, शेकडा चौसष्ट जीवनशैलीच्या कारणाने, आणि शेकडा नव्वद लोकांना वरच्या मजल्यावरचा शेजारी आवडत नाही. (बेरीज शंभराच्या वर जाते हे मान्य आहे. भावना तीव्र असल्या की तसे होते.)

माझे थोरले भाऊ या तिन्ही गटांत बसत होते. दादांचे चष्म्याचे दुकान. दुकानाच्या वर दंतवैद्याचा दवाखाना. दादा एका पक्षाचे, दंतवैद्य दुसऱ्याचे. रोज संध्याकाळी दंतवैद्य जिना उतरून खाली येत, दुकानातल्या बाकावर बसत, आणि दोघे देशाच्या भवितव्यावरून एकमेकांची सालटी काढत. एकदा तर एका पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ठेवून दंतवैद्य आपला राहिलेला मुद्दा सांगायला खाली आले होते. (पेशंटने तक्रार केली नाही. त्या अवस्थेत करता येत नाही.) वहिनी दोघांना चहा द्यायच्या आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून काचा पुसत ऐकायच्या. कधी कधी गालातल्या गालात हसायच्या. दादांना वाटायचे, आपल्याच मुद्द्यावर हसते.

मग निवडणूक झाली आणि दंतवैद्यांचा पक्ष आला. त्या संध्याकाळी दंतवैद्य खाली आले, बाकावर बसले, आणि एक अक्षर न बोलता नुसते हसले. सगळे दात दाखवून.

"एवढे दात असतात का रे एका माणसाला?" दादांनी मला फोनवर विचारले. "बस्स झालं. मी राज्य सोडतोय. ट्रक पाठव."

नवे राज्य त्यांनी अभ्यास करून निवडले होते. तिथे सरकार दादांच्या विचारांचे होते, लोक दादांच्या विचारांचे होते, शिवाय जीवनशैली आदर्श होती. लोक सातला जेवत, नऊला झोपत, आणि जिन्यात मोठ्याने बोलत नसत. दादांनी जन्मात कधी दहाच्या आत जेवण केलेले नव्हते, आणि जिन्यात तर ते फक्त मोठ्यानेच बोलत. पण आदर्श हा मान्य करायचा असतो, पाळायचा असतो असे कुणी म्हटलेले नाही.

"तिकडे बोलायला कोण असेल?" वहिनींनी विचारले.

"सगळेच! तिकडे सगळे आपल्याच विचारांचे आहेत."

"आपल्या म्हणजे?"

दादा तेव्हा चष्म्याच्या फ्रेम कापडात गुंडाळत होते. त्यांना ऐकू आले नाही.

निघायच्या दिवशी दुकानातला मोठा आरसा दंतवैद्यांनी स्वतः उचलून ट्रकमध्ये चढवला. माझ्या हमालांना हात लावू दिला नाही. "जा बाबा," ते म्हणाले, "आता तुला शांत झोप लागेल." त्यांचे डोळे भरून आले होते. ते धुळीमुळे आहे असे दादांनी जाहीर केले.

नव्या राज्यातली वसाहत पाहून मी थक्क झालो. अशी सुव्यवस्था मी कुठेही पाहिलेली नाही. फाटकावरचा पहारेकरी नाव विचारत नव्हता, मत विचारत होता. ते जुळले की पुढे नावाची गरजच काय? वसाहतीचा कारभार सहमती मंडळ पाहत असे. मंडळाच्या सभेत अध्यक्ष म्हणत, "बरोबर आहे?" सभा म्हणे, "अगदी बरोबर." मग पंखे बंद करून सगळे घरी. कशाबद्दल बरोबर आहे, हे पहिल्या वर्षी सांगत असत. नंतर वेळ वाचवण्यासाठी ते काढून टाकले.

दादा हवेत होते. सकाळी फिरायला निघाले की समोरून येणारा म्हणे, "सरकार चांगलं काम करतंय." दादा म्हणत, "अगदी." पुढचा म्हणे, "आधीच्यांनी वाटोळं केलं होतं." दादा म्हणत, "अगदी." तिसऱ्या वळणापर्यंत त्यांचे दिवसभराचे बोलणे संपून जाई. उरलेला दिवस ते दुकानात बसत.

दुकानही चांगले चालले होते. फक्त एक तांत्रिक अडचण आली. दादा भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारत, "हे दिसतंय का?" आणि गिऱ्हाईक म्हणे, "तुम्ही म्हणताय म्हणजे दिसतंयच." त्यामुळे बऱ्याच जणांना भलत्याच नंबरचे चष्मे गेले. कुणी परत घेऊन आले नाही. त्यांच्यापैकी एक बसचालक होता.

या वसाहतीत एक सुंदर पद्धत आहे. नवे बिऱ्हाड आले की एका सभेत त्या घरच्या बाईने उभे राहून 'आम्ही इथे का आलो' हे सांगायचे. भाषण ठरलेले असते. तिकडे जीव गुदमरत होता, इकडे मोकळा श्वास घेतला, मग टाळ्या. आजवर साऱ्या बायांनी हेच भाषण केले होते आणि दर वेळी ते लोकांना मनापासून आवडले होते.

वहिनी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "हे आले म्हणून मी आले. मला तिकडेही बरं होतं. तिकडे मी दर निवडणुकीला दुसऱ्या पक्षाला मत द्यायचे."

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. (ते आधीपासूनच चालू होते.)

"कोणत्या दुसऱ्या?" दादांनी खुर्चीतूनच विचारले.

"दंतवैद्यांच्या."

"लग्न झाल्यापासून?"

"अहो, त्याच्याही आधीपासून. तुम्ही कधी विचारलंच नाही."

वस्तुस्थिती नीट ध्यानात घ्यावी. म्हणजे या नवरा-बायकोने आजवर दर निवडणुकीला एकत्र, एकाच रिक्षाने जाऊन, एकमेकांचे मत रद्द करून, परत येताना भाजी आणली होती. आणि ज्या विरोधी मतापासून लांब जायचे म्हणून दादांनी राज्य सोडले, ते विरोधी मत माझ्याच ट्रकमध्ये, पुढच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसून आले होते. मीच त्याला खिडकीजवळची जागा दिली होती.

मंडळाने हा प्रश्न अत्यंत समजूतदारपणे हाताळला, हे मी मुद्दाम नमूद करतो. हाकलून द्या असे कुणी म्हटले नाही. अंतर्गत स्थलांतराचा तोडगा निघाला. वहिनींनी हॉल आणि झोपायची खोली सोडून स्वयंपाकघरात वास्तव्यास जावे, आणि स्वयंपाकघर हे वेगळे राज्य समजावे. मला बोलावणे आले. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत ट्रक जात नाही, त्यामुळे काम हातानेच केले. पण नियम म्हणजे नियम. वहिनींच्या साड्या, पांघरूण, औषधाची डबी, सगळे खोक्यात भरले, पट्टी मारली, 'नाजूक' असे लिहिले, पाच पावले चाललो आणि खोके उघडले.

"भावोजी, पाणी घ्या," वहिनी म्हणाल्या. "लांबून आलात."

त्या हसत होत्या, म्हणून मीही हसलो. पण मला बरे वाटले नाही.

उंबऱ्यावर सीमा ठरली. तिथे मंडळाने एक खुर्ची टाकून निवृत्त कारकून बसवला. दादांना चहा हवा असला की तो विचारे, "प्रवासाचं कारण?" दादा म्हणत, "चहा." "मुक्काम?" "कप संपेपर्यंत." मग आत सोडत. राजकीय विषय काढायचा नाही, या अटीवर. स्वयंपाकघर राज्याची प्रगती मात्र डोळे दिपवणारी होती. साक्षरता शंभर टक्के, मतदान शंभर टक्के, गुन्हे शून्य, आणि गॅस, पाणी व मीठ या तिन्ही बाबतीत शेजारच्या हॉल राज्यावर संपूर्ण वर्चस्व.

थोड्याच दिवसांत तिथे निर्वासित येऊ लागले. आधी शेजारची शिंपीणबाई मागच्या दाराने आली. तिला सरकारचे सगळेच पटत होते, पण रस्त्यांबद्दल थोडी शंका होती आणि ती कुणाला सांगावी हे कळत नव्हते. मग मंडळाच्या अध्यक्षांचे म्हातारे वडील आले. त्यांना काहीच पटत नव्हते, अगदी सातचे जेवणसुद्धा. दुपारी स्वयंपाकघरात अशी काही हमरीतुमरी चाले, असे हसणे, अशी भांड्यांची आपटाआपट, की भिंतीपलीकडे दादा हॉलमध्ये सोफ्यावर बसून कान लावून ऐकत. मी तेव्हा एकदा गेलो होतो. दादांच्या ओठांची हालचाल होत होती. अध्यक्षांच्या वडिलांचा मुद्दा चुकला होता आणि दादांकडे त्याचे जबरदस्त उत्तर होते. पण ते द्यायचे कुणाला?

शेवटी वहिनींनी मला बोलावून घेतले आणि दादांनाही उंबऱ्यापाशी बोलावले.

"मी परत जाते," त्या म्हणाल्या. "आपली जुनी जागा अजून रिकामी आहे. भावोजी, रविवारी ट्रक आणा. आणि तुम्ही ऐका. तुम्ही तुमचं मत बदला असं मी म्हणत नाही. मला तुमचं मत पाठ आहे. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की हिचं मत वेगळं आहे आणि मला हीच हवी आहे. मोठ्याने म्हणा, या कारकुनाला ऐकू जाईल असं. मग मी कुठेही राहीन, इथेसुद्धा."

कारकुनाने मान खाली घातली.

माझे दादा वाईट नाहीत हो. त्यांना ते वाक्य म्हणायचे होते. माझ्यासमोर त्यांनी ते न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, म्हणून पाहिले. चांगले जमत होते. फक्त असे वाक्य परवानगीशिवाय म्हटले तर राहती जागा जाईल का, एवढे विचारून घ्यावे म्हणून ते मंडळाकडे गेले.

मंडळ त्यांच्याशी पूर्णपणे सहमत झाले. वाक्य उत्तम आहे, भावना योग्य आहे. प्रश्न एवढाच, की 'वेगळं' हा शब्द ठेवावा का. त्यासाठी उपसमिती नेमली. उपसमितीला विचार करायला वेळ हवा होता.

"बरोबर आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"अगदी बरोबर," दादा म्हणाले. सवयीने.

रविवारी मी ट्रक लावला. वहिनींचे सामान फारसे नव्हतेच. दादा हॉलच्या खिडकीत उभे होते. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या आणि मी चावी फिरवली नाही. उगाच टायर तपासले, दोर पुन्हा आवळले, हमालांना चहा प्यायला पाठवले. धंद्यात एवढा उशीर मी कुणासाठी केलेला नाही. दादांनी एकदा तोंड उघडले. मग रस्त्यावरून कुणीतरी ओळखीचे गेले आणि म्हणाले, "हवा छान आहे." दादा म्हणाले, "अगदी."

"चला, भावोजी," वहिनी म्हणाल्या. वाटेत मला रडू आले. ट्रक चालवताना रडू नये, काच पुसली तरी समोरचे दिसत नाही.

आता वहिनी जुन्या दुकानात बाकावर बसतात. संध्याकाळी दंतवैद्य येतात. पण दोघांचे मत एकच असल्यामुळे काही रंगत नाही. दंतवैद्य म्हणतात, "तो असता तर यावर काय म्हणाला असता?" मग वहिनी दादांची बाजू मांडतात. फार चांगली मांडतात म्हणे. परवा दंतवैद्य चिडून चहा अर्धा टाकून वर निघून गेले.

इकडे दादांची प्रगती सुरू आहे. मंडळाच्या असे लक्षात आले की सकाळचे दादा वसाहतीशी पूर्ण सहमत असतात, पण संध्याकाळचे दादा उंबऱ्याकडे बघत बसतात आणि एक-दोनदा 'चुकलंच' असे पुटपुटतात. एका घरात दोन मते नकोत. मला पुन्हा बोलावणे आले. मी संध्याकाळच्या दादांचा पेला, उशी आणि जुना स्वेटर खोक्यात भरून स्वयंपाकघरात पोचवला. कारकून उंबऱ्यावर आहेच. सकाळचे दादा आत जात नाहीत, संध्याकाळचे बाहेर येत नाहीत. उपसमितीचा निर्णय अनुकूल लागेल, असे दोघेही मला आपापल्या खोलीतून सांगतात.

हे वाचून तुम्हाला दादांची कीव आली असेल. हसूही आले असेल, आणि हसता हसता ओळखीतला एक नेमका माणूस डोळ्यांपुढे आला असेल. येणारच. ही हकीकत मी फोनवर चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकाला कुणीतरी आठवते. स्वतःची आठवण झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. काल एका घरून फोन आला होता. ऐकून पलीकडचे माणूस पोट धरधरून हसले आणि म्हणाले, अगदी आमच्या घरातली गोष्ट. मग तुमचे नाव घेतले. आवाज जरा दबका होता, कारण तुम्ही शेजारच्या खोलीत होता.