पावलाची मंजुरी

सासूबाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात शिरलं होतं, आणि आठ दिवस त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. साऱ्या घराला धाकात ठेवणारी बाई डॉक्टरच्या सुरीला भिते, हे कळल्यावर इभ्रत काय राहिली असती? पण सुनेने लंगडणं हेरलंच.

"मला सवयच आहे अशी चालायची."

"एकाच पायाने?" असं म्हणून सूनबाई फोन घेऊन बसली.

आसपास पायांचे डॉक्टर तीन. पहिल्याकडे यांचा विमा चालत नव्हता, दुसरा परगावी गेलेला. तिसऱ्याच्या दवाखान्यातली बाई म्हणाली, "चालतो, पण कंपनीची मंजुरी आणा." मुलाने कॉम्प्युटरवर अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन नाचतच आला.

"आई, सगळा खर्च मंजूर!"

"वाच बघू."

"डावं पाऊल काढणे."

सासूबाईंनी त्याच्या हातातला कागद हिसकावला.

"अगं, यादीत नख नव्हतंच. बोट होतं, पण त्याला निम्मेच पैसे. म्हटलं पाऊल घेऊ. जवळच आहे ना!"

"मेल्या, तुझं डोकंही मानेजवळच आहे. ते काढू?"

"डॉक्टरला कळतं गं सगळं."

सासूबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. टेबलामागे बसलेला माणूस तोंडाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

दवाखान्यात तेच झालं. डॉक्टरांनी कागद वाचला, पायाकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"डावं ना?"

सासूबाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. "हात लावाल तर खबरदार! चार पोरं वाढवलीत या पायांवर!"

"अहो आजी, नुसतं नख आहे. टोचेल थोडं."

पाच मिनिटांत नख निघालं. डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंनी आधी बोटं मोजली. पाच भरली. "नखाला विमा नाही हं," डॉक्टर म्हणाले, तर त्यांनी घासाघीस न करता पैसे दिले. सूनबाई बघतच राहिली.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा फोन आला.

"नाही हो, अजून काढलं नाही," मुलगा सांगत होता. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "आई, मंजुरी महिनाभर चालते म्हणे. रद्द करू?"

सासूबाई तोंड उघडणार, तोच सूनबाई आतून गोड आवाजात म्हणाली, "असू द्या की. घाई काय आहे?"

सासूबाईंनी हळूच पाय मांडीखाली घेतले. त्या महिन्यात शेजाऱ्यांना त्यांचा आवाज एकदाही ऐकू आला नाही.