न बोलता केलेला धांडोळा

"दोघींनी वेगवेगळं वाचायचं. एकमेकींना विचारायचं नाही. आधी बोललात की दोघींचं मिळून एकच मत होतं. मग दोन माणसं हवीत कशाला?"

निवृत्त होऊन वारज्याला राहायला जाताना संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधक आनंदीताईंनी एवढं सांगितलं, आणि सुरुचीनं ते गुरुवारच्या उपासासारखं मनाशी बांधून घेतलं. नारायण पेठेतल्या त्या छोट्या संस्थेत तिला आणि नाजिमाला स्कोपिंग रिव्ह्यू करायचा होता. म्हणजे अपंग माणसांना दवाखान्यात काय सोसावं लागतं, यावर आजवर काय लिहून झालंय आणि काय राहिलंय, याचा धांडोळा. शोधनिबंधांचा हा ढीग! ज्यात खुद्द अपंग माणसाचं म्हणणं असेल तो ठेवायचा, नसेल तो बाहेर.

वाचून संपलं की एखाद्या अपंग माणसालाच गाठून विचारायचं, आमच्या नजरेतून काय सुटलं? त्यासाठी सुरुचीनं नाजिमाच्या फुफीला, म्हणजे आत्याला, मदिनाबींना शब्द दिला होता. मदिनाबी कुबड्या घेऊन चालायच्या.

"मला कोण विचारतंय, बेटा?" त्या म्हणाल्या होत्या. "डॉक्टर नाजिमाला विचारतो, यांचे गुडघे कसे आहेत. गुडघे माझ्याजवळ, आणि मी त्याच्या समोर!"

"मी येईन. तुम्हालाच विचारीन."

पहिल्याच दुपारी डबा उघडता उघडता नाजिमा म्हणाली, "अगं, तो सकाळचा निबंध वाचलास? त्यात काय—"

सुरुचीनं घास खाली ठेवला. "नाजिमा. नेम."

"हो गं, पण तोंड उघडलं की गाडी तिकडंच वळते."

"मग संपेपर्यंत बोलायलाच नको."

"रोजाच म्हण की!" नाजिमा हसली, आणि तिनं तो मनापासून धरला.

टेबलं पाठीला पाठ लावून ठेवली गेली. डब्याच्या वेळा वेगळ्या झाल्या. गुरुवारच्या साबुदाण्याच्या खिचडीतला अर्धा वाटा नाजिमाचा असायचा; ती सगळी खिचडी सुरुचीनं खिडकीकडे तोंड करून एकटीनं संपवली.

चहा घेऊन आलेल्या यमुनाबाईंनी ते पाहिलं आणि तो चहा तसाच संचालकांच्या खोलीत नेला. "साहेब, बायांचं बिनसलंय. खिचडीसुद्धा दिली नाही."

गोपाळकृष्ण सर सज्जन गृहस्थ. दोघींना अवघडायला नको, म्हणून त्यांनी चौकशी बाहेरून सुरू केली. सुरुचीच्या नवऱ्याला, सलिलला, फोन लावला.

"घरी बोलतात का हो?"

"कामापुरतं," सलिल म्हणाला. "पण ते लग्नापासूनच."

नाजिमाच्या भावाला, शकीलला विचारलं. "नाही सर, काही म्हणाली नाही घरी."

'घरीसुद्धा सांगत नाही म्हणजे प्रकरण खोल आहे,' सरांनी ठरवलं. यमुनाबाईंना ते हलक्या आवाजात म्हणाले, "विषय नाजूक आहे हो." यमुनाबाईंनी तो तितक्याच हलक्या आवाजात जिन्यापर्यंत पोचवला.

वाचन संपलं त्याच संध्याकाळी सरांनी दोघींना बोलावलं.

"वाद वाढू नये म्हणून नाजिमा सोमवारपासून खराडीच्या शाखेत बसतील. रिव्ह्यू तूर्त इथंच थांबवू."

सुरुचीच्या डोळ्यांसमोर मदिनाबी आल्या. दार लोटून, वाट बघत बसलेल्या.

"कसला वाद?" दोघी एकदमच म्हणाल्या. कित्येक दिवसांतले ते त्यांचे पहिले शब्द.

"मी चौकशी केली आहे. सलिलरावांशी बोललो, शकीलशी बोललो, यमुनाबाईंनाही विचारलं."

सुरुचीचा आवाज मुळातच बारीक. आता तो आणखी खाली गेला. "सर, आपण आम्हाला विचारलं का?"

सुरुचीनं आपला आणि नाजिमानं आपला लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडून ठेवला. बाहेर काढलेल्या निबंधांपुढे दोघींनी, एकमेकींना न विचारता, तोच शेरा मारला होता: आईला विचारलं, भावाला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, त्या माणसाला विचारलेलं नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "खराडीचं राहू द्या," ते म्हणाले. मग दोन्ही पडद्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इतकं कसं जुळतं हो? मध्ये बोललात की काय?"

बाहेर येऊन नाजिमा भिंतीला टेकून पोटभर हसली. सुरुचीनं पर्स घेतली, पदर सारखा केला.

"फुफीकडे ना? थांब, मी पण येते."

"नको गं," सुरुची हळूच म्हणाली. "तू असलीस की मी तुलाच विचारीन."

आणि ती जिना उतरू लागली.