आबांचा डावा पाय

आमचे शेजारी दगडूआबा गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवर दोनदा टकटक करतात, मगच गाडी हलवतात. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस; डबल बेल मिळाल्याशिवाय निघायचं कसं? आता ती स्वतःच द्यायची आणि स्वतःच ऐकायची. शेजारी मी एकटा असलो तरी "पुढं सरका, पुढं सरका" चालूच असतं. पुढे काच आहे, हे त्यांना कोण सांगणार?

गाडी त्यांच्या मुलाने, संदीपने, घेऊन दिली. वडिलांना सोपी जावी म्हणून मुद्दाम बिनक्लचची. वर्ष व्हायच्या आत पुढचे ब्रेक पॅड झिजून पार पत्र्याला आले. भोरचा मेकॅनिक ते हातात धरून म्हणाला, "आबा, गाडी चालवता का नुसती थांबवता?"

"जुनंच बसवलं आसंल कंपनीनं," आबा म्हणाले.

मग पुण्याहून मला संदीपचा फोन आला. "काका, नवे पॅड बसले की एकदा शेजारी बसून बघा. जमत नसेल त्यांना, तर मी गाडी इकडे घेऊन येतो."

आबांना याचा सुगावा लागला होता. नवे पॅड बसले त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखे गाडीत बसले.

हिर्डोशीच्या रस्त्याला लागलो आणि दहा मिनिटांत दुखणं सापडलं. क्लच नसल्यामुळे डाव्या पायाला काम नव्हतं; ते आबांनी शोधलं होतं. तो पाय कायम ब्रेकवर. रस्त्याच्या कडेला माणूस दिसला की गाडी थांबलीच. एक जण म्हैस घेऊन उभा होता, त्यालाही विचारून झालं.

"येतो की," तो म्हणाला, "पर हिला कुठं बसवता?"

नाचणीचं पोतं घेतलेल्या एका म्हातारीला मात्र आम्ही तिच्या वस्तीपर्यंत सोडलं. ती उतरल्यावर मी विषय काढला. "आबा, ब्रेकवरचा पाय काढा. तोच खातोय पॅड."

"न्हाई जमायचं, मास्तर."

"का?"

"गाडी भरली की म्या डबल मारायचो. रस्त्यावर हात करनाऱ्यांला खिडकीतनं सांगायचो, मागनं रिकामी गाडी येतीया. लई वर्सं सांगितलं. मागनं गाडी नसायचीच कंदी. कडेवर पोर घेतलेल्या बाया चालत घरी जायच्या. मला ठावं आसायचं."

त्यांनी समोरच्या वळणाकडे पाहिलं. "आता येती."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

संध्याकाळी संदीपला फोन केला. "डावा पाय ब्रेकवर असतो त्यांचा, तो काही निघणार नाही," मी सांगितलं. "तू दर वर्षी नवे पॅड पाठवत जा. गाडी मात्र नेऊ नकोस रे."