हकीगत शीतपेटीच्या दारप्रवेशाची

सूक्ष्मदर्शकधारी, समितीभारपीडित, विद्याव्यासंगी समस्त सज्जनांचे सेवेसी बखरनविसाचा दंडवत विशेष. विद्यापीठात वैद्यकसंशोधनाची नवी इमारत कैसी उठली आणि तीत श्रीमंत शीतपेटीचा प्रवेश कैसा जाहला, ऐसे लोक पुसतात, आणि ज्यांस काडीचे ठाऊक नाही तेच मोठ्याने सांगतात. सबब आम्ही जे घडले ते लिहून ठेवितो. कोणास झोंबेल तर झोंबो.

रोगसंशोधन खात्याच्या सरदार, ज्यांस सारे नुसते बाई म्हणत, त्यांजपाशी माणसाहून उंच ऐशी एक शीतपेटी होती. आत थंडी उणे ऐंशी अंश आणि रक्ताच्या अकरा हजार नळ्या, बावीस वर्षांची मेहनत. त्यांत नळी क्रमांक एक बाईंच्या थोरल्या बहिणीची. ज्या दुखण्याने ताई गेली, त्याचाच माग बाई तेव्हापासून काढीत होत्या. थंडी उणे साठापर्यंत उतरली की सारे मातीमोल, हे त्यांस पाठ होते.

मग इमारतीच्या समितीची मसलत बसली. एकतीस बैठका जाहल्या, त्यांपैकी सतरा खुर्च्यांच्या रंगावर खर्ची पडल्या आणि अखेर रंग करडा ठरला, जो पहिल्या बैठकीतच वास्तुकार बहाद्दरांनी सुचविला होता. परंतु बाईंचे चित्त खुर्च्यांत नव्हते. समोरच्या दालनाचे मनसबदार, ज्यांस पलीकडचे सर म्हणत, त्यांची खोड ऐशी की जेथे हात दोन हात जागा दिसे तेथे आपले सामान आणोन ठेवावे आणि वर्षानुवर्षे उचलू नये. त्यांजपाशीही दोन शीतपेट्या होत्या. त्या नव्या इमारतीतील आपल्या शीतदालनात घुसतील, या धास्तीने बाईंनी दोन्हीकडील पेट्यांची माहितीपत्रके मिळविली आणि खलबत केले. आपली पेटी तीस इंच, त्यांच्या चौतीस. तेव्हा दार बत्तीस इंचांचे करावे, म्हणजे आपली जाईल आणि त्यांची अडेल, ऐसे फर्मान नकाशावर चढले. वास्तुकारांनी कारण पुसले, त्यास थंडी राखण्याची शास्त्रीय सबब सांगितली.

नकाशा गवंडीकामाच्या मिस्त्रीच्या हाती पडला. त्याने दोनदा वाचला आणि इतकेच पुसले, "पेटी बाहेरून मोजलीय ना?" त्यास हुकूम जाहला की नकाशाप्रमाणे चालावे, शास्त्रात डोके घालू नये. मिस्त्रीने थापी धुतली आणि कामास लागला.

पुढे इमारत पुरी जाहली, दाखल्यावर सह्या जाहल्या, आणि जुन्या इमारतीची वीज कायमची तोडण्याचा दिवस नेमिला गेला. त्या दिवशी सकाळी दहा वाजता शीतपेटीने आठ हमालांनिशी कूच केले. पुढे बाई, मागे वास्तुकार, ऐसी स्वारी उद्वाहकातून वर चढोन शीतदालनाच्या दारी आली आणि तेथेच ठेपली. पेटी दारात शिरेना. आडवी करावी तर नळ्या लवंडतात, उभी करावी तर दोन्ही खांदे अडतात. टेप लाविली, तो पेटी चाळीस इंच भरली! माहितीपत्रकातील तीस इंच आतले होते. अहो, शास्त्रज्ञ माणूस, आत किती नळ्या मावतात एवढेच पाहणार. पेटीस पाच-पाच इंचांच्या भिंती असतात, हे बावीस वर्षे रोज दार उघडूनही ध्यानी आले नव्हते.

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. माघारी जावे तर जुन्या इमारतीत वीज नाही, आणि येथे हुकूम ऐसा की पेटी जागी बसल्यावाचून दालनाची वीज जोडू नये. काटा उणे सत्तरावर आला, मग अडुसष्टावर. वास्तुकारांनी कळविले की भिंतीस हात लावणे असेल तर सुधारित नकाशा करावा आणि त्यावर समितीच्या नऊही सभासदांच्या सह्या घ्याव्या. त्यांपैकी तिघे रजेवर होते.

इतक्यात गलबला ऐकोन, नव्या इमारतीत आधीच बिऱ्हाड थाटलेले पलीकडचे सर समोरच्या दालनातून बाहेर आले. त्यांनी पेटी पाहिली, दार पाहिले आणि सारे उमगले.

"बाई, हे दार माझ्यासाठी अरुंद केलं होतं ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच. आणि आता माझी ताई बाहेर अडकलीय."

सर आपल्या दालनात गेले. हसावयास गेले, ऐसे सर्वांस वाटले. परंतु ते हातगाडी ढकलीत परतले, तीवर कोरड्या बर्फाची चार खोकी. आपले नमुने परगावी रवाना करण्यास राखिलेला सारा साठा त्यांनी पेटीच्या वरच्या कप्प्यांत रिता केला. "माझं पुढच्या आठवड्यात पाठवीन, तुम्ही भिंतीचं बघा," इतकेच बोलले. काटा उणे चौसष्टावर थबकला.

तेव्हा जिन्यात बसलेला मिस्त्री उठोन आला आणि म्हणाला, "बाई, दारावरचा लिंटेल, भिंतीचा भार पेलणारी तुळई, मी चार फूट रुंद दाराच्या मापाने टाकलाय. बाजूच्या विटा नुसत्या रचून वर प्लास्टर फिरवलंय. शिकलेली माणसं आतून मोजतात, मला अनुभव आहे. पण सही कुणाची?"

वास्तुकार नकाशाची गुंडाळी करू लागले. बाईंनी हमालाच्या कानावरील पेन्सील घेतली आणि ताज्या रंगाच्या भिंतीवरच लिहिले, 'चूक माझी. फोडा.' आणि खाली सही ठोकिली. मिस्त्रीने पहिला घाव नेमका सहीवर घातला, सबब त्या हुकुमाची नक्कल दप्तरी नाही. पाऊण घटकेत विटा उतरल्या, पेटी आत शिरली, वीज जोडली आणि काटा खाली सरकू लागला. बाई पेटीस पाठ टेकोन भुईवर बसल्या आणि सर्वांदेखत रडल्या, आणि कोणी त्यांस उठविले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल. दार अठ्ठेचाळीस इंच कायम. पुढील सोमवारी त्याच दाराने पलीकडच्या सरांच्या दोन्ही पेट्या शीतदालनात दाखल जाहल्या, दार खुद्द बाईंनी धरिले होते, आणि त्या पेट्या अद्याप तेथेच आहेत. थंडी उणे ऐंशी. नळ्या अकरा हजार, मोजून बरोबर. नळी क्रमांक एक जागेवर.