सोमाजीच्या पोटाची प्रत्यक्ष पाहणी

जंतुसंसर्ग प्रतिबंध पंधरवडा सुरू झाला तेव्हा आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात दाखवण्याजोगा एकच रुग्ण होता: एटापल्लीकडचा सोमाजी. टायफॉइडनं त्याच्या आतड्याला भोक पडलं होतं आणि डॉक्टर प्रफुल्ल यांनी ते वेळेवर शिवलं होतं. त्यांनी सुरी लावण्याआधी इंजेक्शन दिलं, आतून पोट धुतलं, नीट पट्टी बांधली. मग सिस्टर दिव्यानीला बजावलं की दोन दिवस पट्टी उघडायची नाही आणि नंतरही न धुतलेला हात जवळ येऊ द्यायचा नाही. जखमेत घाण गेली तर माणूस हाती लागणार नाही. एवढं सांगून ते पंधरवड्याच्याच प्रशिक्षणाला पुण्याला गेले. प्रशिक्षणाचा विषय होता, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाजवळ थांबण्याचं महत्त्व.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिबंध पथक आलं. नऊ जण होते. त्यांच्या तक्त्यातला पहिला रकाना असा होता: ‘पट्टीखालील जखम कोरडी आहे काय? प्रत्यक्ष पाहून लिहावे.’ दिव्यानीनं डॉक्टरांची सूचना सांगितली. पथकप्रमुखांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"पण सिस्टर, पट्टी उघडल्याशिवाय आत जंतू नाहीत हे शासनाला कळणार कसं?"

पट्टी उघडली गेली. नऊ जणांनी आळीपाळीनं वाकून पाहिलं आणि सह्या केल्या. तिघांनी बोट लावून खात्री केली, कारण कोरडेपणा नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हातमोजे होते, पण नियम ‘प्रति पथक एक जोड’ असा असल्यानं ते एकाच्या हातातून निघून दुसऱ्याच्या हातात चढत गेले.

हात धुण्याची सोय नव्हती असं कोणी म्हणू नये. वॉर्डाच्या दाराशी नवंकोरं बेसिन बसवलेलं होतं. फक्त त्याचं लोकार्पण समारोपाच्या दिवशी व्हायचं होतं, म्हणून नळाला लाल फीत बांधली होती. साबणही होता, पाहुण्यांसाठी वेष्टणात ठेवलेला.

सोमाजीची बायको बायनाबाई मात्र अंगणातल्या हापशीवर जायची, कोपरापर्यंत साबण चोळून हात धुवायची आणि मगच ओल्या फडक्यानं नवऱ्याचे सुकलेले ओठ टिपायची. डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं अक्षरशः धरून ठेवलं होतं. ही गंभीर बाब तिसऱ्या दिवशी पथकाच्या लक्षात आली. हापशीचं पाणी तपासलेलं नाही, सबब त्या पाण्यानं धुतलेले हात न धुतलेले समजावेत, असा शेरा पडला. बाईला बाहेर बसवण्याचं ठरलं.

"मी साबनानं धुतले नं, साहेब," बायनाबाई उठता उठता म्हणाली. "तुमी कुठी धुतले?"

पथकप्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा रकाना वाचायला घेतला.

जखम कोरडी असल्याचं जिल्ह्याला कळलं, तेव्हा ते खरं आहे का हे पाहायला दुसरं पथक आलं. दुसऱ्यानं खरोखर पाहिलं का, हे पाहायला तिसरं आलं. खाटेवर ‘जंतुमुक्त रुग्ण’ अशी पाटी लागली आणि तिच्यासोबत फोटो काढायचे तर पट्टी बाजूला करणं ओघानंच आलं.

"सिस्टरबाई," सोमाजी क्षीण आवाजात म्हणाला, "माह्यं पोट हाय का लग्नातला भाजीचा गंज? जो येते तो झाकन काढून पाह्यते."

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. तक्त्यात तापाचा रकाना नव्हता, त्यामुळे ताप नोंदवता आला नाही. दिव्यानीनं पुण्याला फोन लावला. डॉक्टर सत्रात होते. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू आला. तेव्हा तिनं कात्री घेतली, नळाची फीत कापली, साबणाचं वेष्टण फाडलं, हात धुतले आणि जखम साफ करून सोमाजीला नागपूरच्या गाडीत घातलं. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत तिला नोटीस मिळाली. आरोप होता, बेसिनचं अनधिकृत लोकार्पण.

नागपूरला सोमाजीचं पोट पुन्हा उघडावं लागलं. तो जगेल का, हे बायनाबाईला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. ती तिथंही वॉर्डाबाहेरच बसली आहे.

चौकशी मात्र वेळेत पूर्ण झाली. निष्कर्ष निघाला, ‘नातेवाइकांच्या अस्वच्छ सवयींमुळे जंतुसंसर्ग’. त्याची चार ओळींची बातमी पेपरात आली. ती तुम्ही सकाळी चहासोबत वाचलीत. "या जंगलातल्या लोकांना स्वच्छता कधी कळायची," असं म्हणालात, पान उलटलंत आणि त्याच हातानं बिस्किट उचललंत.