फरक दिसला पाहिजे

"वहिनी, शाळेत कुणी अभ्यास करायला आलं की पोरीला उचल आणि दुसरीकडे घाल," असं माझ्या थोरल्या नणंदेनं मला स्वच्छ सांगितलं होतं.

मी हसले. "ताई, शाळेत अभ्यास नाही करणार तर काय केस कापणार?"

"मुलं करतात तो अभ्यास नव्हे गं. मोठी माणसं करतात तो."

मी पदवीधर असल्यामुळे हा इशारा कानाआड केला. माझी मुलगी त्या वर्षी पहिलीत जाणार होती. एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. मला काळजी मुळातच जास्त. तिला शिंक आली तरी माझा हात थर्मामीटरकडे जातो. तिला नीट वाचता यावं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

पहिल्याच पालकसभेत मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, की राज्याच्या शिक्षणात सुधारणा होणार असून तत्पूर्वी सुधारणेचा अभ्यास होणार आहे, आणि त्यासाठी आपली शाळा निवडली गेली आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग अभ्यास अधिकारी उठले. अतिशय सभ्य गृहस्थ. खुर्चीवर बसतानासुद्धा खुर्चीची परवानगी घेतल्यासारखे बसायचे. पहिलीच्या 'अ' तुकडीला सुधारणा मिळेल, 'ब' तुकडीला मिळणार नाही, असं त्यांनी समजावलं. "त्याशिवाय फरक कसा दिसणार?"

भिंगरी 'ब'मध्ये होती. मी हात वर केला. "मग 'ब'च्या मुलांना काय मिळणार?"

"महत्त्व," ते म्हणाले.

'अ'ला नवी बाकं, रंगीत पुस्तकं आणि मुलांमध्ये मांडी घालून बसणाऱ्या नव्या बाई मिळाल्या. 'ब'मध्ये आहे ते आहे तसं राहावं म्हणून एक निरीक्षक नेमला गेला. पंखा बंद पडला. दुरुस्ती ही सुधारणेत मोडत असल्यामुळे तो बंदच ठेवण्यात आला. 'ब'ची मुलं 'अ'च्या खिडकीतून डोकावू लागली, तेव्हा खिडकीला पत्रा ठोकला. एकदा 'ब'च्या बाईंनी भान हरपून हातवारे करत गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांना लेखी विचारणा झाली: "काल आपण वर्गात रस निर्माण केल्याचे आढळून आले आहे. खुलासा करावा."

मग मीच घरी शिकवायला घेतलं. बिस्किटांचा पुडा, साबणाचं वेष्टन, दुकानांच्या पाट्या, मिळेल ते. एका संध्याकाळी भिंगरीनं खोकल्याच्या औषधावर बोट ठेवून वाचलं, "वा-प-र-ण्या-पू-र्वी ह-ल-वा," आणि बाटली टेबलावर ठेवून स्वतःच गदागदा हलली. मी हसता हसता रडले. पण पोरीच्या पोटात राहतंय थोडंच? शाळेत जाऊन तिनं निरीक्षकांच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून दाखवलं.

त्याच दिवशी अभ्यास अधिकारी आमच्या घरी हजर.

"हिला घरात कुणी शिकवतं का?"

"मी शिकवते. मी आई आहे तिची."

"ते नातं आमच्याकडे नोंदलेलं आहे," ते हळुवारपणे म्हणाले. "पण अभ्यासाच्या भाषेत हा बाह्य हस्तक्षेप झाला."

"आई बाह्य?"

"वडीलसुद्धा. पण त्यांचा काही त्रास नाही."

नवऱ्याला हे कौतुकच वाटलं. "जाऊ दे ना गं," तो म्हणाला, "तिला वाचायला काही दिसू नये म्हणून कॅलेंडर उलटं टांगू, झालं." आणि त्यानं ते खरोखरच भिंतीकडे तोंड करून टांगलं.

यथावकाश अहवाल आला. सुधारणा यशस्वी! यश इतकं ठळक होतं, की 'अ'ची बाकं, पुस्तकं आणि मांडी घालणाऱ्या बाई पुढच्या अभ्यासासाठी दुसऱ्या शाळेत हलवण्यात आल्या. 'अ'ची गाडी जागच्या जागी थांबली आणि फरक कमी होऊ लागला. पुन्हा सभा.

"फरक तर छापून झालाय," अधिकारी घाम पुसत म्हणाले. "'अ' वर जात नाही. आता मार्ग एकच उरतो."

सगळ्यांनी वळून आमच्याकडे, 'ब'च्या पालकांकडे, पाहिलं.

"म्हणजे आमच्या मुलांनी खाली यायचं?" मी विचारलं.

"खाली नाही हो. मूळपदावर."

तेव्हापासून 'ब'ची अक्षरं एकेक करून परत घेतली जाऊ लागली. सुरुवात 'ज्ञ'पासून झाली. त्याची तशी कुणाला गरज पडत नाही. गृहपाठ असायचा: विसरून येणे.

शेवटी खुद्द सचिवसाहेब पाहणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी 'ब'च्या बाईंनी मला फाटकाशी गाठलं. "भिंगरीच्या आई, तिला जरा अडखळायला सांगा. तिनं वाचलं तर फरक जाईल. फरक गेला तर ही सुधारणा फसली म्हणतील. आणि फसली, तर नवी सुधारणा येईल हो!"

नव्या सुधारणेच्या धास्तीनं मी घरी येऊन आधी दार लावून घेतलं. मी भिंगरीला म्हटलं, "उद्या एक गंमत करायची. येतं ते येत नाही म्हणायचं."

सचिवसाहेबांनी तिच्यापुढे पुठ्ठा धरला. त्यावर 'घर' लिहिलं होतं. भिंगरीनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही येत."

"वा!" साहेबांनी पुठ्ठा छातीशी धरला. "इतका निखळ फरक मी आजवर पाहिला नव्हता." योजना तिथल्या तिथे राज्यभर लागू झाली: प्रत्येक शाळेत एक 'अ' आणि एक 'ब'. 'अ'साठी निधी यायचा आहे. 'ब' सोमवारपासून सुरू.

नणंदेचा फोन आला. टोमणा मारील म्हणून मी तयारीत होते. तिनं एवढंच विचारलं, "वाचते ना गं ती?"

"म्हणजे काय! आत्ता ऐकवते," म्हणत मी खोकल्याची बाटली भिंगरीपुढे ठेवली. एरवी तिचं बोट आधी धावायचं. या वेळी हात मांडीवरच राहिले. तिनं बाटलीकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हे मला येतं का?"

तुमच्या घरात नाहीतर शेजारी एखादं पहिली-दुसरीतलं मूल असेलच. त्याला गुण विचारू नका, तुकडी तर मुळीच विचारू नका. हे पान त्याच्यापुढे धरा, आणि ते आधी कुठे बघतं तेवढं पाहून या: पानाकडे, की तुमच्या तोंडाकडे.